कूफोनिसीहून एक दिवस आधी: एजियन समुद्रातील फेरीबंदीचे एक प्रकरण

हे प्रकरण दुबईत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाचे आहे. पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या आजी अशा पाच जणांनी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसच्या सायक्लाडीज बेटांची सहल केली. सहलीच्या अखेरीस ते कूफोनिसी नावाच्या लहानशा बेटावर होते. परतीच्या विमानाला दोन दिवस उरलेले असताना जोराचा उत्तरेचा वारा सुटणार असल्याचे त्यांना समजले आणि एका रात्रीत निर्णय घ्यावा लागला. त्या रात्री त्यांनी मला फोन केला होता, त्यामुळे तो निर्णय कसा झाला हे मला जवळून ठाऊक आहे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, मी तो येथे मांडत आहे. भूमध्य समुद्रात फेरीने, म्हणजे प्रवासी जहाजाने, बेटे फिरणाऱ्यांपुढे हा प्रसंग उन्हाळ्यात वारंवार उभा राहतो, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा वाऱ्याइतकेच बेटांच्या क्रमात असते, असे माझे ठाम मत आहे.

मूळ आखणी

कुटुंबाने विमानाची तिकिटे आधी काढली आणि त्यांच्या मधल्या दिवसांत बेटे बसवली. अथेन्समध्ये दोन रात्री काढून पिरेयस बंदरातून वेगवान कॅटमरानने (दोन जोडतळांच्या हलक्या नौकेने) सँटोरिनी, तेथून नाक्सोस, नाक्सोसहून कूफोनिसी आणि अखेरच्या गुरुवारी सकाळी कूफोनिसीहून थेट पिरेयस, असा तो मार्ग होता. शेवटची कॅटमरान दुपारी पिरेयसला पोहोचणार होती आणि दुबईचे विमान त्याच संध्याकाळी होते. पिरेयसहून विमानतळापर्यंत अथेन्स मेट्रोची तिसरी मार्गिका २०२२ च्या ऑक्टोबरपासून थेट जाते आणि त्या प्रवासाला साधारण तासभर लागतो. हा हिशेब त्यांनी नीट केला होता. कागदावर वेळ पुरेसा दिसत होता.

या आखणीतला धोका एकाच ठिकाणी साठला होता. सर्वांत लहान बेट सर्वांत शेवटी आले होते, त्या बेटावरून निघणारी नौका वाऱ्यापुढे सर्वांत आधी थांबणाऱ्या प्रकारातली होती, आणि तिच्या लगेच पुढे न चुकवता येणारे विमान होते. कूफोनिसीची वस्ती चारशेच्या आसपास आहे. तेथे विमानतळ नाही, आणि मोठी जहाजे तेथे येतात ती नाक्सोसच्या मानाने फारच थोडी. सँटोरिनी किंवा नाक्सोसवर असाच प्रसंग आला असता तर दुसरे जहाज, दुसरी वेळ, निदान अथेन्सला जाणारे छोटे विमान तरी शोधता आले असते.

वारा आणि बंदी

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला मेल्तेमी म्हणतात. तो जुलै आणि ऑगस्टमध्ये सर्वाधिक जोरात असतो, सुटला की कित्येक दिवस टिकतो, दुपारी चढतो आणि अनेकदा रात्री थोडा उतरतो. प्राचीन ग्रीकांना तो चांगला परिचित होता. ॲरिस्टॉटलनेही त्याची चर्चा केली आहे. बाल्कन प्रदेशावर जास्त दाब आणि तुर्कस्तानातील अनातोलियाच्या पठारावर कमी दाब अशी रचना झाली की त्या दोहोंच्या मधल्या एजियनवरून हवा दक्षिणेकडे धावते. आपल्याकडच्या वाचकांसाठी यातली विशेष गोष्ट अशी की अनातोलियावरचा तो कमी दाब एकटा नसतो. मोसमी पावसाच्या काळात दक्षिण आशियावर जो उष्ण कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचेच एक टोक इराणच्या आखातावरून तेथपर्यंत पोहोचते. कोकणात पाऊस कोसळत असताना नाक्सोसच्या धक्क्यावर जो वारा घोंघावतो, त्याचे नाते त्याच मान्सूनशी आहे.

फरक दिसतो तो आकाशात. आपल्याकडे मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद होतात तेव्हा आभाळ भरून आलेले असते, समुद्र गढूळलेला असतो आणि बोट का निघत नाही हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मेल्तेमीच्या दिवशी मात्र ऊन स्वच्छ असते, आकाश निळेशार असते, वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या किनाऱ्यावर लोक निवांत पोहत असतात आणि त्याच वेळी बंदर बंद असते. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाचा गोंधळ येथेच होतो. हवा चांगली दिसते म्हणून तो निर्धास्त राहतो.

ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर सर्वसामान्य लोकही बोफर्ट श्रेणीतच सांगतात. सहा बोफर्ट म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, सात म्हणजे ५० ते ६१ आणि आठ म्हणजे ६२ ते ७४. हवामान खात्याच्या अंदाजावरून तटरक्षक दलाचे बंदर अधिकारी जहाजांना निघण्यास मनाई करतात. नेमकी मर्यादा जहाजाचा प्रकार, आकार आणि मार्ग पाहून ठरते. ढोबळमानाने आठ बोफर्टचा अंदाज आला की बंदीची शक्यता धरावी, आणि हलक्या, वेगवान नौका त्याच्याही आधी थांबतात असे समजावे. गाड्या वाहून नेणारी मोठी पारंपरिक जहाजे सर्वांत शेवटी थांबतात. तिकीट काढताना वेगवान नौकेचे दोन तास वाचतात, त्याची ही दुसरी बाजू आहे.

बंदीबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी २६ सप्टेंबर २००० ची रात्र लक्षात ठेवावी. त्या रात्री जोराच्या वाऱ्यात 'एक्सप्रेस समीना' ही फेरी पारोस बेटाजवळच्या पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळून बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. पारोसच्या मच्छीमारांनी आपल्या बोटी त्या समुद्रात घालून अनेकांना बाहेर काढले. अपघातामागे वाऱ्यापेक्षा माणसांचा हलगर्जीपणा मोठा होता, तरी त्यानंतर ग्रीसमध्ये फेरीच्या सुरक्षिततेकडे कोणी सहजपणे पाहू शकलेले नाही. आठ बोफर्टच्या दिवशी बंदर अधिकारी परवानगी देत नाही, तेव्हा त्याच्या मागे ही आठवण उभी असते.

मंगळवारची रात्र

मंगळवारी संध्याकाळी घरमालकीणबाईंनी चहाच्या वेळी सहज सांगितले की बुधवारी दुपारपासून वारा चढेल, गुरुवारी आठ आणि मोकळ्या समुद्रात नऊपर्यंतही जाईल. बंदी अजून जाहीर झालेली नव्हती. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर गुरुवारची फेरी वेळेवर असल्याचे दिसत होते, आणि बंदीचा आदेश निघेपर्यंत ते तसेच दिसणार होते.

पतीचे म्हणणे थांबावे असे होते. बुधवार रात्रीच्या खोलीचे पैसे परत मिळणार नव्हते, मुलांना त्या बेटावरचे पाणी फार आवडले होते, आणि केवळ अंदाजावर विसंबून ठरलेला बेत मोडणे त्यांना पटत नव्हते. पत्नीला बुधवारी सकाळीच निघावेसे वाटत होते. सकाळी 'एक्सप्रेस स्कोपेलितिस' नावाचे छोटे जहाज कूफोनिसीहून स्खिनूसा आणि इराक्लिया ही बेटे घेत नाक्सोसला जाते. अमोर्गोस बेटावरच्या कातापोला बंदरात त्याचा मुक्काम असतो. या छोट्या बेटांच्या मार्गांवर केवळ तिकिटांच्या पैशांत जहाज परवडत नाही, म्हणून ग्रीक सरकार अशा मार्गांना अनुदान देते. बेटावरच्या लोकांचे दवाखाने, कचेऱ्या, बाजारहाट सगळे या एका जहाजावर अवलंबून असते. नाक्सोसला पोहोचले की मोठ्या जहाजांचे पर्याय उघडत होते.

फोनवर मी त्यांना वाऱ्याबद्दल फारसे काही सांगितले नाही. तेथल्या माणसांना ते माझ्यापेक्षा जास्त कळते. मी फक्त दोन्ही बाजूंचे नुकसान मांडायला सांगितले. बुधवारी निघून गुरुवारी वारा आलाच नाही, तर बुडणार होते ते एका रात्रीचे खोलीभाडे, अथेन्समधल्या एका रात्रीचा खर्च आणि बेटावरचा एक दिवस. थांबून वारा आला, तर ऐन ऑगस्टमध्ये पाच जणांची विमानाची नवी तिकिटे, पतीची संपलेली रजा आणि व्हिसाचे दिवस असे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहणार होते. शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे मंजूर दिवस लिहिलेले असतात आणि यांचे ते संपत आले होते. टाळता न येणाऱ्या कारणामुळे अडकलेल्या प्रवाशाला मुदतवाढ मिळण्याची तरतूद शेंगेन व्हिसाच्या नियमांत आहे, पण त्यासाठी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि तो लहानशा बेटावर बसून होणारा नाही. दोन नुकसानांची तुलना एवढी विषम असताना अंदाज किती टक्के खरा ठरेल हा प्रश्न गौण ठरतो.

निर्णय प्रत्यक्षात झाला तो मात्र वेगळ्या कारणाने. घरमालकीणबाईंच्या भाच्याला गुरुवारी अथेन्सला कामावर हजर व्हायचे होते आणि तो बुधवारच्या सकाळच्या जहाजाने निघणार होता. आजींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "त्यांचा स्वतःचा भाचा उद्या निघतोय ना? मग आपण कशाला थांबायचं?" पतीने रात्रीच बॅगा भरायला घेतल्या.

बुधवार

सकाळी धक्क्यावर वारा सहाच्या आसपास होता. जहाजात दोन-चार गाड्या, भाजीच्या पेट्या आणि बेटावरची माणसे होती. आजींना बोट लागण्याचा त्रास होता. "आई, गोळी घेतलीत का?" हे सुनेने निघण्याच्या बरेच आधी विचारले, हे चांगले झाले, कारण मळमळीवरची गोळी हेलकावे सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. त्यांना मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर, मोकळ्या हवेत बसवले. जहाजाचा पुढचा भाग सर्वांत जास्त वर-खाली होतो, मधला आणि मागचा त्या मानाने स्थिर राहतो, आणि क्षितिज दिसत राहिले की पोट शांत राहते. बेटांच्या आडोशाने जाताना प्रवास बरा झाला. इराक्लिया सोडून नाक्सोसच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे वळल्यावर मात्र नाक्सोस आणि पारोस यांच्या मधल्या सामुद्रधुनीतून दाबून येणारा वारा समोरून बसू लागला आणि लाटांचे फवारे डेकवर येऊ लागले. धाकट्या मुलाला दोनदा उलटी झाली. आजी ठीक राहिल्या.

या टप्प्यावर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वेळापत्रकात कुठेच लिहिलेली नसते. पिरेयसहून बेटांकडे जाताना मार्ग आग्नेयेकडे असतो, त्यामुळे मेल्तेमी बहुतांशी पाठीमागून येतो आणि तोच समुद्र सौम्य वाटतो. परतीचा मार्ग वायव्येकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर असतो. जाताना काही त्रास झाला नाही म्हणून येतानाही होणार नाही, असे या समुद्रात धरून चालत नाही. या कुटुंबाचा सँटोरिनीपर्यंतचा प्रवास अगदी सुखाचा झाला होता आणि पतीच्या निर्धास्तपणाचे तेही एक कारण होते.

नाक्सोसला ते दुपारच्या सुमारास उतरले. बंदराच्या टोकाला पोर्तारा उभा होता. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या मंदिराचा तो संगमरवरी दरवाजा आहे. त्याच्यामागे समुद्र पांढऱ्या फेसाने भरला होता. धक्क्यावरच्या तिकीट कचेरीत कळले की दुपारच्या वेगवान नौका रद्द झाल्या आहेत, पिरेयसला जाणारे मोठे जहाज येणार आहे, पण उशिराने. रद्द नौकांचे प्रवासीही त्याच जहाजाकडे वळले होते. शिवाय १५ ऑगस्ट जवळ आला होता. हा दिवस ग्रीसमध्ये मेरीमातेच्या निधनाचा, मोठ्या उत्सवाचा असतो. तिनोस आणि पारोस येथील चर्चमध्ये यात्रा भरते आणि त्या आठवड्यात फेऱ्या तुडुंब असतात. राखीव आसने संपली होती. डेकची पाच तिकिटे मिळाली, ती त्यांनी लगेच घेतली.

येथे पत्नीने एक शहाणपणाचे काम केले. गुरुवारची कूफोनिसी–पिरेयस तिकिटे तिने स्वतःहून रद्द केली नाहीत. प्रवाशाने आपण होऊन रद्द केलेल्या तिकिटावर बहुधा कपात होते. फेरीच रद्द झाली तर पूर्ण रक्कम परत मागता येते. गुरुवारी फेरी निघाली असती तर ते पैसे बुडाले असते, पण बंदी जवळजवळ निश्चित दिसत असताना वाट पाहण्यात तिचा अंदाज बरोबर ठरला.

जहाज संध्याकाळ उतरताना आले. ही जहाजे धक्क्याला पाठ लावून उभी राहतात. नांगर टाकून, मागे सरकत, मागचा रुंद दरवाजा धक्क्यावर उतरवतात, आणि मग माणसे, मोटारसायकली आणि मालाचे ट्रक एकाच उतारावरून आत-बाहेर करतात. त्या दिवशी वाऱ्यामुळे कप्तानाला दुसऱ्या प्रयत्नात जागा मिळाली. खलाशी शिट्ट्या वाजवून घाई करत होते, कारण अशा हवेत जहाज धक्क्याला जितका कमी वेळ राहील तितके चांगले. बॅगा तळमजल्यावर बंदरांच्या नावांच्या मांडण्यांत ठेवायच्या असतात. पारोसच्या मांडणीत ठेवलेली बॅग मधल्या थांब्यावर उतरू शकते, म्हणून नाव वाचूनच ठेवावी. ज्येष्ठ माणसाला घेऊन त्या गर्दीत चढणे हा सबंध प्रवासातला सर्वांत कठीण भाग होता, असे सुनेने नंतर सांगितले. एकाने आजींचा हात धरायचा, दुसऱ्याने सर्व सामान सांभाळायचे, आणि मुलांनी आजींच्या पुढे चालायचे, असे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ते पिरेयसला पोहोचले आणि बंदराजवळच्या एका साध्या हॉटेलात झोपले.

गुरुवारी त्या भागातल्या सर्व फेऱ्या थांबल्या. छोटे जहाजही बंदरातच राहिले. कूफोनिसीहून पहिली नौका शुक्रवारी दुपारनंतर सुटल्याचे घरमालकीणबाईंनी कळवले. तोपर्यंत हे पाचही जण दुबईत घरी होते.

पैसे आणि हक्क

युरोपीय संघाचा ११७७/२०१० हा विनियम समुद्रमार्गे प्रवास करणाऱ्यांचे हक्क ठरवतो. फेरी रद्द झाली, किंवा ती दीड तासाहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर प्रवाशाला दुसऱ्या फेरीने पोहोचवून घेण्याचा किंवा तिकिटाची रक्कम परत घेण्याचा पर्याय मिळतो, आणि परतावा सात दिवसांत व्हायला हवा. थांबावे लागले तर शक्य तेथे खाणेपिणे देण्याचे बंधनही कंपनीवर असते. रात्रीचा मुक्काम करावा लागल्यास जास्तीत जास्त तीन रात्रींचे, प्रत्येक रात्रीला माणशी ८० युरोपर्यंत, राहण्याचे पैसे कंपनी देते. पण धोकादायक हवामानामुळे फेरी थांबली असेल, तर हे राहण्याचे पैसे आणि उशिराची भरपाई या दोन्हींतून कंपनीला सूट आहे. मेल्तेमीत अडकलेल्या प्रवाशाने हॉटेलचा खर्च स्वतःचाच धरावा. चुकलेल्या विमानाशी तर फेरी कंपनीचा काही संबंधच येत नाही, कारण ते तिकीट वेगळे असते. तक्रार करायची झाल्यास ती दोन महिन्यांच्या आत कंपनीकडे करावी लागते.

या कुटुंबाला गुरुवारच्या तिकिटांची पूर्ण रक्कम परत मिळाली. खोलीभाडे आणि पिरेयसच्या हॉटेलचा खर्च त्यांच्या अंगावर पडला. प्रवासविम्यात चुकलेल्या पुढच्या प्रवासाचे कलम होते, परंतु विमान चुकलेच नसल्यामुळे ते लागू झाले नाही. नुकसान टाळण्यासाठी आधी निघण्याचा खर्च त्या पॉलिसीत बसत नव्हता. माझ्या मते विमा घेताना याच एका मुद्द्यावर प्रश्न विचारायला हवा.

क्रम बदलला असता तर

त्याच दिवसांत आणि त्याच तीन बेटांत या सहलीची मांडणी दुसरी होऊ शकत होती. पिरेयसहून सुरुवातीलाच नाक्सोसमार्गे कूफोनिसी गाठले असते, तर तेथे एखादा दिवस अडकणे हे फक्त पुढच्या मुक्कामातून एक दिवस कमी होणे ठरले असते. त्यानंतर नाक्सोस आणि शेवटी सँटोरिनी. सँटोरिनीला मोठी विमाने उतरतात आणि अथेन्ससाठी दिवसातून अनेक उड्डाणे असतात. जोराच्या वाऱ्यात विमानेही रखडतात, पण एक रद्द झाले तर दुसरे मिळण्याची आशा कूफोनिसीपेक्षा कितीतरी अधिक असते. ज्यांना मिकोनोस किंवा तिनोस पाहायचे असेल त्यांनी ती अखेरीस ठेवावीत, कारण तेथून राफिना बंदराला जहाजे जातात आणि राफिना विमानतळापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. कोणताही क्रम घेतला तरी शेवटची रात्र अथेन्समध्येच काढावी. एवढे एक पाळले असते, तर मंगळवारी रात्री तो फोन कदाचित आला नसता.

आजी बरोबर असताना वेगवान नौकांऐवजी मोठी जहाजे घ्यावीत, असेही मी त्यांना पुढच्या वेळेसाठी सांगितले आहे. पिरेयस ते नाक्सोस हे अंतर मोठे जहाज पाच-साडेपाच तासांत कापते आणि वेगवान नौका साडेतीन तासांच्या आसपास. पण मोठ्या जहाजात उठून फिरता येते, बाहेर मोकळ्या हवेत बसता येते, गरम चहा आणि पालकाचे सारण भरून भाजलेला 'पाई' यांसारखे शाकाहारी खाणे बहुधा मिळते. बहुतेक कॅटमरानमध्ये मात्र विमानासारखी बंदिस्त आसने असतात आणि बोट लागणाऱ्या माणसाला बाहेर जायला जागा नसते. वाऱ्यात टिकून राहण्याचा फायदा वेगळाच. एका आठवड्याच्या सहलीत त्यासाठी एक बेट कमी करावे लागले, तर मी सँटोरिनी गाळून नाक्सोस आणि कूफोनिसी ठेवीन. सँटोरिनीच्या अथिनिओस बंदरातून नागमोडी घाट चढून वर जायचे आणि ऑगस्टच्या गर्दीतून वाट काढायची, यापेक्षा सत्तरीच्या माणसाला नाक्सोसची सपाट, लांबलचक पुळण आणि तेथल्या बटाट्यांचे व चीजचे साधे जेवण अधिक मानवते.